चार बोटं जास्त

आमच्या ह्यांना साधा खिळा ठोकता येत नाही. लग्न झालं त्या वर्षी घड्याळ लावायला म्हणून भिंतीत खिळा मारायला गेले, तर खिळा राहिला हातात आणि वीतभर पलिस्तर आलं खाली. तेव्हापासून आमचं घड्याळ कपाटावर बसून वेळ सांगतं. तीस वर्षं घरोघरी जाऊन पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून आणायचे, एवढंच त्यांनी हाताने केलेलं काम. अशा माणसाने निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, जेवता जेवता, ताटावरून नजर न उचलता सांगितलं, "मी होडी करणार आहे."

मी म्हटलं, "बरं."

एरवी मी असं सुखासुखी सोडलं नसतं. निदान आठवडाभर तरी त्यांना त्या होडीवरून सळो की पळो करून सोडलं असतं. पण आठ महिन्यांपूर्वी आमचा मुलगा गेला होता. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून सगळे टिल्लू म्हणायचे; पुढे सहा फूट झाला, दारातून वाकून यायला लागला, तरी नाव तेच राहिलं. एकोणतिसाव्या वर्षी ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव सांगितलं. मी ते लक्षात ठेवलं नाही.

मी रडले नाही. "धक्क्यात आहे बिचारी," असं लोक माझ्यासमोरच म्हणायचे. धक्का वगैरे काही नव्हता. काहीच नव्हतं. पाय बधिर झाला की आपण तो हाताने उचलून बाजूला ठेवतो ना, तशी मी स्वतःला उचलून इकडून तिकडे ठेवत होते. सकाळी स्वयंपाकघरात ठेवायची, मग पुढच्या खोलीत मशीनवर. मी शिवणकाम करते, चाळीस वर्षं झाली. त्या आठ महिन्यांत माझ्या एकाही कपड्याचं फिटिंग चुकलं नाही, आणि गिऱ्हाईकं म्हणायची की काम आणखीनच सुबक झालंय.

होडीसाठी ह्यांनी टिल्लूची खोली घेतली. पलंग सोडवायला दोन दिवस लागले. त्याला चार स्क्रू होते. मग प्लायवूड आलं, हातोडी आली, आणि पाठोपाठ समोरचा सुतार आला, तमाशा बघायला.

"काका, नकाशा वगैरे काही आहे का?"

"डोक्यात आहे."

"डोक्यातली होडी डोक्यातच तरंगते, काका. आधी एखादं स्टूल करून बघा."

"स्टूल आहे आमच्याकडे," हे म्हणाले आणि पहिला खिळा वाकडा घातला.

प्लायवूड वाकवून खिळे मारायचे, एवढीच त्यांची कल्पना. तक्ता वाकायचा, वाकायचा आणि फाडकन मोडायचा. पुढच्या खोलीत मशीनवर बसून मला तो आवाज ऐकू यायचा. मग झाडूचा आवाज. स्वतःचा कचरा स्वतः काढायची अक्कल त्यांना साठीनंतर आली.

एका रविवारी नणंद आली. खोलीत डोकावून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"वहिनी, दादाला पोहता येत नाही."

"माहीत आहे मला."

"मग होडी कशाला?"

"तूच विचार."

ती विचारून आली. "म्हणतो, तलाव मोठा आहे. हे काय उत्तर झालं?" मग तिने आवाज खाली आणला. "लक्ष ठेव ग त्याच्यावर." मी मान हलवली आणि तिला कांदे चिरायला दिले.

त्यानंतरच्या आठवड्यात ह्यांनी मला विजेच्या मीटरच्या पेटीपाशी बोलावलं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला त्या पेटीला बोट लावू दिलं नव्हतं. फ्यूज गेला की अख्खं घर अंधारात बसायचं आणि हे कामावरून यायची वाट बघायचं. त्या दिवशी त्यांनी स्टूल ठेवलं, माझ्या हातात पेचकस दिला आणि तार कशी गुंडाळायची ते दाखवलं.

"आता तू कर."

मी केलं.

"पुन्हा एकदा कर."

पुन्हा केलं. मग त्यांनी कपाटातली कापडी पिशवी काढून दाखवली. पेन्शनचे कागद, घराचे कागद, सगळं एका जागी. "तुला माहीत असलेलं बरं," म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते फ्यूजकडे बघत होते.

मी काही दूधखुळी नाही. पोहता न येणारा माणूस होडी करतो आणि बायकोला फ्यूज लावायला शिकवतो, याचा अर्थ काय ते मला स्टुलावरून उतरायच्या आत कळलं. हे तलावात जाणार होते आणि परत येणार नव्हते. मला ते लख्ख कळलं, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. मी "बरं" म्हटलं आणि गॅस बारीक करायला गेले. दुपारी काजं करताना विचार आला की हे जातील, लोक येतील, आणि पंधरा दिवसांनी मी पुन्हा इथेच बसून काजं करत असेन, अगदी सुबक. ह्यांच्या जाण्याची भीती वाटत नव्हती. मला असं काहीच वाटत नाही, याची जरा वाटली. ती पण काठावरची.

विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं. ते खोटं बोलत नाहीत. म्हणूनच विचारलं नाही.

तिसरा तक्ता मोडला तेव्हा मी मशीनवरून उठले. कुणाला वाचवायला गेले, असं उगीच सांगत नाही. ओबडधोबड कापलेली कड मला बघवत नाही, ती कशाचीही असो.

"सरका," मी म्हटलं. "लाकूड काय आणि कापड काय. सपाट वस्तूला पोट आणायचं तर टक्स घ्यावे लागतात."

खाकी कागद जोडून मी जमिनीवर पसरला. कोटाला जसे चिमटे घेतो तसे दोन्ही टोकांना लांबट त्रिकोण आखले. ते कापून काढले आणि कडा जवळ आणल्या, तसा कागद आपोआप खोलगट होऊन उठला. हे गुडघ्यावर बसून बघत राहिले.

"हे कुठे शिकलीस?"

"पोट सुटलेल्या माणसांचे कोट शिवून."

त्यांची नाकपुडी जराशी हलली. पूर्वी हसू येण्याआधी ती अशी हलायची.

"माप कुणाचं घेऊ?" मी विचारलं.

"माझंच घे."

मी टेप काढली आणि त्यांना जमिनीवर बसवून माप घेतलं. कंबर चार इंच उतरली होती. मी आकडा कागदावर लिहिला आणि पुढचं माप घेतलं.

सुताराने करवत चालवली, कारण ती ह्यांच्या हातात द्यायची नाही असं त्याने आणि मी न बोलता ठरवलं होतं. कडेकडेने भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेने मी ते तुकडे एकमेकांना शिवले. हे पक्कड धरून प्रत्येक तार पिळायचे. मोजून एकशे नव्वद टाके. आम्ही दोघं त्या खोलीत रोज तीन-तीन तास समोरासमोर बसायचो आणि "धर", "सोड", "पक्कड द्या" यापलीकडे शब्द नाही. वर सुताराकडच्या, पाण्याने न सुटणाऱ्या डिंकात भुसा कालवून सगळे सांधे भरले.

चूक तेव्हा लक्षात आली. कपडा बेतताना शिलाईसाठी कडेला थोडं जास्त सोडतात. मोठ्या कामाला जास्त सोडायचं, म्हणून मी हातासरशी सगळीकडून चार-चार बोटं सोडली होती. कापडाची जास्तीची कड आत मुडपून जाते. लाकडाची कुठे मुडपणार? जेवढं सोडलं तेवढं सगळं रुंदीत गेलं. तळ पसरट झाला, बाजू फाकल्या. नणंदेने मागाहून विचारलं, मुद्दाम केलंस का. नाही. चाळीस वर्षांची हाताची सवय, दुसरं काही नाही.

सुतार दोन फेऱ्या मारून म्हणाला, "काकू, ही होडी नाही, ही परात झाली."

"बुडेल?"

"बुडायला आधी कलली पाहिजे. ही कशाची कलतेय. पण पळायचीही नाही, सांगून ठेवतो."

दाराच्या चौकटीतून ती आडवी करून काढताना हे तेवढं म्हणाले, "सांभाळून, टाके आहेत."

शनिवारी सकाळी सुताराच्या टेंपोतून आम्ही ती गावाबाहेरच्या तलावावर नेली. तिथे चिटपाखरू नव्हतं. वल्ही सुताराने करून दिली होती. "काका, जायचंय तिकडे पाठ करून बसा," त्याने सांगितलं. "वल्हं ओढताना जोर मिळतो, ढकलताना मिळत नाही. सगळे असंच बसतात." मग तो टेंपो वळवून लावायला वर रस्त्याकडे गेला.

ह्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. घड्याळही दिलं. "भिजायला नको," म्हणाले.

मी ते धरून उभी राहिले. आता बोलायला हवं होतं.

होडी निघाली. पाठ तलावाकडे, तोंड माझ्याकडे. वल्ही वेडीवाकडी पडत होती, पण ती परात डुगडुगत का होईना पुढे सरकत होती. ते माझ्याकडे बघत लांब जात होते. नाक-डोळे दिसेनासे झाले, मग नुसता चेहऱ्याचा ठिपका राहिला. तलावाच्या मध्यावर वल्ही थांबली.

ते उभे राहिले.

माझ्या हातातलं घड्याळ चालू होतं, ते मला बोटांना कळत होतं. होडी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली आणि जागच्या जागी बसली. ते एका कडेवर आले. होडी तेवढीच झुकली आणि थांबली. ते तसेच उभे. मी चालायला लागले होते हे मला पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा समजलं. मलाही पोहता येत नाही. पिवळी साडी पाण्यावर फुगली, पाणी मांडीला लागलं, कमरेला लागलं. पायाखाली चिखल होता आणि मी "अहो" म्हणत होते, मोठ्याने नाही, शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसं.

ते खाली बसले. होडी गोल फिरली आणि मला त्यांची पाठ दिसली.

गेले, असं मी मनात म्हटलं. माझ्याकडे पाठ करून बसले, म्हणजे संपलं. मी तशीच उभी राहून त्या पाठीकडे बघत होते. शर्ट मी शिवलेला. खांद्यावरची शिवण दिसायला लागली, मग कॉलर दिसायला लागली, आणि मग कुठे माझ्या डोक्यात शिरलं की पाठ मोठी होतेय.

होडी माझ्या पोटाला येऊन लागली. चष्मा-घड्याळ आत टाकून मी दोन्ही हातांनी तिची कड धरली. हे वळले नाहीत. तसेच पाठमोरे, वल्ही धरून बसून राहिले.

"ही उलटेचना," ते म्हणाले. "मग पिवळं काहीतरी पाण्यात शिरताना दिसलं. चष्मा नव्हता, नीट दिसलं नाही. तू होतीस ना?"

आणि मला राग आला. असा आला की दात वाजायला लागले. "मी नाही तर कोण?" मी म्हटलं. "इथे कोण येणार तुमच्यासाठी? लाज नाही वाटत? फ्यूज लावायला शिकवता मला? पस्तीस वर्षं अंधारात बसवलंत आणि आता शिकवता? शिकवून निघालात? आणि मी घरी जाऊन काय करू, काजं? तुम्हाला एकट्यालाच जायचं होतं? मला कुणी विचारलं? तो गेला तेव्हा तरी कुणी विचारलं?" माझा आवाज चिरकला. मी मुठीने त्यांच्या पाठीत मारलं, मग पुन्हा मारलं. "आपला टिल्लू गेला हो," मी म्हटलं. हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होते. "आपला टिल्लू गेला."

त्यांचे खांदे हलत होते. वल्ही हातातून सुटून पाण्यात तरंगायला लागली. वरून सुतार उतरताना दिसला, आणि निम्म्यावर थांबून मागे फिरलेलाही दिसला.

मी दम घ्यायला थांबले.

"थांबू नकोस," हे म्हणाले. "अजून बोल."