मिस्त्रालच्या इंजिनाचा नंबर

मासेराटी मिस्त्रालच्या लांबलचक बॉनेटखाली अभय बराच वेळ वाकून होता. जुन्या गाड्यांचे सौदे जमवणारा माणूस. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकासाठी गाडी बघायला आला होता. मोबाइलचा टॉर्च बंद करून तो मधुराला गॅरेजबाहेर, डिलाईल रोडच्या फुटपाथवर घेऊन आला.

"मॅडम, आरसी बुकातला इंजिन नंबर वेगळा आहे. हे ह्या गाडीचं इंजिनच नाहीये."

"असं कसं?"

"कुणीतरी बदललंय. अस्सल इंजिनाला बाहेर भारी मागणी असते. गाडी इथे किती वर्षं आहे?"

"सव्वीस," मधुरा म्हणाली आणि तिने नकळत मागे वळून पाहिलं. जयवंत मेकॅनिक हात पुसत उभा होता. त्याने नजर वळवली.

ही इटालियन गाडी मधुराच्या वडिलांनी, अप्पांनी, एकाहत्तर साली मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी साहेबाकडून घेतली होती. गिरगावात ठेवायला जागा नव्हती, म्हणून पुढे ती जयवंतच्या गॅरेजमध्ये राहिली. जयवंतचे वडील शामराव गिरणीत फिटर. हात तोच उतरलाय, असं अप्पा म्हणत. किल्लीसुद्धा त्याच्याकडेच असे. मार्चमध्ये अप्पा गेले, आणि गाडी विकायचं मधुराने ठरवलं.

त्या रात्री तिला झोप लागेना. 'येण्याआधी फोन करा हं ताई,' असं जयवंत दरवेळी का सांगायचा? नवी लेथ मशीन कधी आली? अभयने बॉनेट उघडल्याबरोबर हा चहा सांगायला का गेला? आणि मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली काय असतं? कालपर्यंत ह्यातलं काहीच तिला खटकलं नव्हतं.

सकाळी ती फोन न करता गेली. जयवंतची बायको कांता शिलाई मशीनवर कुणाच्या तरी गाडीच्या सीटचं कव्हर शिवत होती. मिस्त्रालच्या सीटांची कव्हरंही तिनेच शिवलेली.

"जयवंत, मूळ इंजिन कुठे आहे?"

तो हातातला पाना पुसत राहिला.

"मी सरळ विचारतेय. विकलंत?"

"अप्पांना माहीत होतं सगळं."

"अप्पा आता सांगायला येणार नाहीत, हे तुम्हालाही माहितीय. मला पोलिसांत जायला लावू नका."

मशीन थांबलं. कांता उठली, मागे गेली आणि तिने ताडपत्री ओढून काढली. खाली गंजलेलं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. कुशीला हातभर भगदाड.

"सांगा ना आता," ती नवऱ्याला म्हणाली. "की चोर म्हणवून घ्यायचंय?"

जयवंतने खाली बघत सांगितलं, "ताई, अठ्ठ्याण्णव साली तुम्ही मैत्रिणींना घेऊन खंडाळ्याला गेला होता. येताना पनवेलजवळ बंद पडली."

"हो. आपोआप बंद पडली."

"रेडिएटरमधलं पाणी संपलं होतं. काटा लालमध्ये गेल्यावरही तुम्ही चालवत राहिलात. आतला कनेक्टिंग रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. अप्पा म्हणाले, तिला कळलं तर ती परत स्टिअरिंगला हात लावणार नाही. पुण्यात अशीच एक ठोकलेली गाडी होती, तिचं इंजिन मिळवलं. आरटीओत नोंद केली नाही, कारण आरसी बुक तुमच्या घरात, बदललेला नंबर तुम्हाला दिसला असता. मला शपथ घातली होती."

मधुराला अप्पा आठवले. 'जुनी गाडी आहे, चालायचंच,' एवढंच ते तेव्हा म्हणाले होते.

आणि तरीही ती खाली वाकली. मोबाइलचा टॉर्च लावला, बोटाने गंज घासला, एकेक आकडा आरसी बुकाशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला.

मान वर केली तेव्हा जयवंत तिच्याकडेच बघत होता.

"गाडी घेऊन जा ताई," तो म्हणाला. "ह्याच आठवड्यात."

"जयवंत, माझं चुकलं. खरंच चुकलं."

"राग नाही. पण आता तुमच्या गाडीचा साधा नट खोलतानासुद्धा माझा हात बिचकेल. असं काम होत नाही."

तिने अभयला सगळं खरं सांगितलं. गिऱ्हाइकाने किंमत पाडून का होईना, गाडी घेतली. शुक्रवारी ट्रक आला. जयवंतने चारही चाकांना स्वतः पट्टे आवळले आणि ड्रायव्हरला बजावलं, "उतारावर सांभाळ, नाक खाली आहे हिचं." मधुरा निरोप घ्यायला पुढे झाली, तशी कांताने तिला पाणी दिलं. 'बसा' मात्र म्हणाली नाही.