म्हसोबाची लाल खूण

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि बघा. महाळुंग्याजवळ, कारखान्यांच्या पत्र्यांच्या मधोमध, एक भलंमोठं हिरवंगार मैदान आहे. तिथे गोल्फ खेळतात. गवत असं नेटकं, की पाय ठेवताना चप्पल काढावीशी वाटते. त्या गवतात एक म्हातारा वाकून हातांनी माती चाचपतो आहे. जे शोधतो आहे ते तिथे नाही.

त्यांचं नाव सोपानराव. मैदान होण्याआधी तिथलं एक वावर त्यांचं होतं. जमीन देताना त्यांनी एकच शब्द घेतला होता, बांधावरचा म्हसोबा हलवायचा नाही. दगडाजवळ राहता यावं म्हणून तिथेच गवताला पाणी द्यायच्या कामाला लागले. दर अमावास्येला नातीला, सायलीला, घेऊन यायचे आणि म्हसोबाला शेंदूर लावायचे.

यंदा मैदानाचा नकाशा सगळ्यांच्या मोबाइलवर आला. मैदानात फिरायचं, दिसेल त्यावर रंगीत खूण करायची. ती बघून यंत्रवाले कामाला येत. सुपरवायझर रणजीत लातूरकडचा, पोरसवदा. त्यानं समजावलं, वाळल्या गवताला पिवळी खूण, गळक्या नळाला निळी. लाल रंगापाशी आला आणि तेवढ्यात पलीकडे पाइप फुटला. तो धावला, ते सांगायचं राहून गेलं.

सोपानरावांनी पुन्हा विचारलं नाही. लाल कशासाठी असतो, हे का कुणी शिकवायचं असतं? इथे देव आहे, यंत्र जपून न्या, हे कळावं म्हणून त्यांनी म्हसोबावर लाल खूण लावली आणि मोबाइललाच हात जोडले.

मग रजा घेऊन पाहुण्यांकडे गेले. परतले, तर म्हसोबाच्या जागी कोवळं गवत अंथरलेलं.

"काका, लाल म्हणजे उचलायचं," रणजीत खालच्या आवाजात म्हणाला. "तुमीच तर लावलंत की."

"शेंदूर हाय त्यो. म्हसोबाला दुसरा कंचा रंग लावू?"

 रणजीतनं गाडीवाल्याला फोन लावला. दगडासकट सगळा राडारोडा कुठल्याशा शेडच्या पायात भराव म्हणून गेला होता, वर काँक्रीटही पडलं होतं.

त्या दिवशी अमावास्या होती. सायली तेलात शेंदूर कालवून, वाटी घेऊन उंबऱ्यात बसली होती. सोपानराव तिच्याशेजारी टेकले.

"माज्याच हातानं गेला गं," एवढंच म्हणाले.

तिनं त्यांचा मोबाइल मागून घेतला, नकाशा उघडला, बांधाचा कोपरा शोधला. काम झालं की खूण पुसली जायची. तिथे नुसतं हिरवं होतं. तिनं शेंदराचं बोट टेकवलं. बोट लागताच नकाशा सरकला. टिळा काचेवर राहिला आणि जमीन खालून निघून गेली.



मग सायलीनं डाव्या हाताच्या कोरड्या बोटानं जमीन हळूहळू मागे ओढली आणि टिळ्याखाली आणून ठेवली.