चाळीस पानांचा वळसा

शंकाबाईचा प्रबंध वाचता वाचता माझं डोकंच फिरलं. चार वर्षं माझ्याच हाताखाली काम केलेली मुलगी, आमच्या गणित विभागातून होणारी पहिली पीएच.डी., आणि दोनशे पानांत माझ्या प्रमेयाचा साधा उल्लेख नाही! माझ्या नावावर आहेच मुळी एक प्रमेय. परदेशात शिकून परत आलो तेव्हा इथे एक फळा आणि एक मोडकं कपाट होतं; पुढे शिकवण्यातच केस पांढरे झाले. ते प्रमेय वापरलं असतं, तर तिचं तिसरं प्रकरण दोन पानांत आटोपलं असतं. बाईसाहेबांनी चाळीस पानांचा वळसा घातला होता.

तिला बोलावून घेतलं. "माझ्या प्रमेयाची ॲलर्जी आहे का तुला?"

ती खडूशी चाळा करू लागली. एरवी दर तासाला हिचा हात वर. शंकाबाई हे नाव काही उगाच नाही पडलं. सरांची चूक पकडणाऱ्याने कपाटाच्या दाराला आतून खडूने रेघ ओढायची, असा आमचा जुना नियम. त्यातल्या निम्म्या रेघा हिच्याच.

"सर, रागावू नका हं," म्हणत तिने फळ्यावर एक उदाहरण मांडलं. सहाच ओळी. तिसऱ्या ओळीलाच मला दिसलं. प्रमेय चुकलं होतं. एक अट घालायची राहून गेली होती.

"कधी लक्षात आलं?"

"वर्ष झालं. तुमचं नाव खराब होईल म्हणून दुसरी वाट शोधली."

"माझी चूक झाकायला वर्ष घालवलंस?"

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मग वाटलं, एकोणतीस वर्षं ते प्रमेय छापून पडलंय. तिकडे परदेशात कुणी ते नीट वाचलं नाही, आणि इथे वाचू शकेल असं कुणी नव्हतं. आता आहे. समोर उभी आहे, आणि तिलाच रडू येतंय. मला फार बरं वाटलं.

"वेडी कुठली! पहिल्याच प्रकरणात घाल हे उदाहरण. माझ्या नावासकट."

"पण सर, बाहेरचे परीक्षक वाचतील ना..."

"वाचू दे की!"

मी कपाट उघडलं. तिने कोपऱ्यात घाबरत घाबरत बोटभर रेघ ओढली.

"इतकीशी?" मी म्हटलं. "एकोणतीस वर्षांची चूक आहे, बाई. जरा लांब ओढ."