गुड फ्रायडेला वाजलेली घंटा

मित्रांनो, मी ट्रकच्या चाकाची एक जुनी लोखंडी रिम आहे. किलिमांजारोच्या उतारावरच्या एका छोट्या चर्चसमोर, अवाकाडोच्या झाडाला साखळीने लटकते, आणि सगळा गाव मला घंटा म्हणतो. माझा ट्रक कॉफीची पोती घेऊन चढणीवर उलटला, तेव्हा पोती खाली गेली आणि मी एकटीच घरंगळत वर, थेट चर्चच्या दारात आले. वर कशी, ते मला विचारू नका. अपोलोनिया आजीने कधी विचारलं नाही. ती म्हणायची, "देवाने बोलावलं की लोखंडसुद्धा चढण चढतं."

ही आजी म्हणजे माझा गळा. नवरा तरुणपणीच गेला, सहा मुलं तिने केळीच्या बागेवर वाढवली, पुढे सतरा नातवंडं झाली. रोज पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी ती एक जाडजूड बोल्ट घेऊन यायची. प्रार्थनेची वेळ झाली म्हणून तीन टोले, पुन्हा तीन, पुन्हा तीन, मग नऊ. माझा आवाज इतका खणखणीत होता की खालच्या मैदानातले हत्ती दुपारच्या टोल्याला चरणं थांबवत. खोटं वाटत असेल तर हत्तींना विचारा.

मात्र वर्षातले काही दिवस मी मुकी असते. पवित्र गुरुवारच्या मिसाच्या उपासनेपासून ईस्टरला ग्लोरियाचं आनंदगीत म्हणेपर्यंत, प्रभूच्या दुःखात, घंटेने ब्र काढायचा नाही. तेव्हा लाकडी खटखट्यावर भागवतात. वाऱ्याने साखळी हलली तरी आवाज होऊ नये म्हणून आजी आपल्या जुन्या कांग्याने, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या रंगीत कापडाने, मला गुंडाळून ठेवी. कुणी पोर जवळ आलं की हातावर चापटी बसे.

त्या वर्षी गुड फ्रायडेला गावाने उपास धरला, पण गाईला उपास कळत नाही. आजीनेच नऊ वर्षांच्या नातीला, न्देशीला, खाली गवत कापायला पाठवलं. तीन वाजता चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना सुरू झाली आणि डोंगरावरून धुकं उतरलं. असं दाट, की मला माझी साखळी दिसेना.

आजी दारात उभी राहून हाका मारत होती. धुक्यात हाक भिजते, मित्रांनो, लांब जात नाही. खालून एकदाच बारीक आवाज आला, "आजीऽऽ". मग पुन्हा आला, पण डावीकडून. डावीकडे खोल दरी होती. पोर चालत होती, आणि उलट्या दिशेने.

आजी माझ्याकडे धावली आणि कापडाची गाठ दातांनी सोडू लागली. धर्मशिक्षक गौडेन्सी मास्तर बाहेर आले.

"आजी, हे काय करताय?"

"न्देशी दरीकडे चाललीय, मास्तर."

"अहो, पण आज घंटा? खटखटा वाजवा ना!"

"खटखट्याने माझी कोंबडी घरी येत नाही, नात कुठून येणार?"

मास्तरांनी बोल्ट धरला. "चाळीस वर्षं तुम्हीच आम्हाला नियम शिकवलात. पाप लागेल."

"लागू दे, माझं मी बघेन. प्रभू आज मेलाय, तो परवा उठेल. माझी पोर पडली तर उठायची नाही. हात सोडा!"

मास्तरांनी हात सोडला.

आजीने असा टोला हाणला की माझ्या अंगात चीर गेली. आजही आहे. अवेळी घंटा म्हणजे कुणीतरी गेलं, म्हणून अख्खं चर्च बाहेर लोटलं. म्हातारा टेम्बा तर कबरीसाठी कुदळ घेऊनच आला. "कोण गेलं?"

"कुणी नाही. आणि तोंड उघडलंस तर तुझा नंबर!" आजी ओरडली.

दहा टोले, आणि कान देऊन थांबणं. पुन्हा दहा. खालून काहीच नाही. तिचे दंड भरून आले, बोल्ट निसटून चिखलात पडला. तो उचलला मास्तरांनी. "तुम्ही ऐका, आजी," ते म्हणाले, आणि स्वतः ठोकू लागले.

किती वेळ गेला कोण जाणे. मग धुक्यातून आधी गवताचा भारा आला आणि त्याच्याखाली न्देशी. आजीने तिला छातीशी आवळलं आणि म्हणाली, "एवढंसंच गवत?"

ईस्टरच्या सकाळी आजीने फादरांकडे पापकबुली दिली. फादर म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून आज हात दुखेपर्यंत घंटा वाजव." हात आधीच सुजलेले होते, तरी तिने पुरेपूर वाजवली.

मागच्या वर्षी पवित्र शनिवारी सकाळी आजी गेली. न्देशी आता दोन लेकरांची आई आहे. ती बोल्ट घेऊन माझ्याखाली येऊन उभी राहिली. मी कापडात मुकी. गाव भोवती जमला होता. काठी टेकत गौडेन्सी मास्तर पुढे आले.

"वाजव, पोरी. तिच्यासाठी मी काही म्हणणार नाही."

न्देशीने गाठीवर हात ठेवला, आणि काढून घेतला. "नको, मास्तर. आजी हरवलेली नाही."

दुसऱ्या दिवशी ग्लोरियाला तिने मला मोकळं केलं आणि चौऱ्याऐंशी टोले दिले, आजीच्या वयाइतके.

मित्रांनो, आता इथे भोंगा बसवणार म्हणतात. बसवा. मला रंग नको, तेल नको, भंगारात तेवढं घालू नका. आणि धुक्यात कुणी वाट चुकलं, तर आज कोणता वार आहे ते विचारत बसू नका. गाठ सोडा, आणि ठोका.