मासा शिडी चढत नाही

मी एक जुनी, चार फूट लांबीची काचेची टाकी आहे. दिसायला मी साधी आहे, हे मला ठाऊक आहे. ज्यांना तेवढंच खुपतं त्यांची, मित्रांनो, मी कीव करते.

टास्मानियातल्या लॉन्सेस्टनमध्ये अ‍ॅथल प्रूएटने मला घडवलं. खिडक्यांना तावदानं बसवणं हा त्याचा धंदा. एका मोडीत निघालेल्या दुकानाच्या जाड काचा त्याने आणल्या, कडा घासल्या आणि सिलिकॉनने जोडल्या. शेजारी म्हणाला, जरा उंच कर, रुबाब येईल. अ‍ॅथलने त्याला समजावलं की मासा शिडी चढत नाही, आडवा पोहतो, आणि पाण्याला हवा मिळते ती वरच्या पसरट भागातून. शेजाऱ्याने मान हलवली आणि घरी गोल भांडं आणलं. त्यातले मासे किती वेळा मेले, हे मोजणं मी लवकरच सोडून दिलं.

अ‍ॅथलने माझ्यात दोनच गोल्डफिश ठेवल्या, मर्टल आणि डॉट. तिथली थंडी त्यांना मानवते, पाणी तापवावं लागत नाही. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी तो दर आठवड्याला बदलून घालायचा. चौदा वर्षांत त्या वीतभर वाढल्या. गल्लीतली मुलं माझ्यासमोर मांडी घालून त्यांची चित्रं काढत.

मग अ‍ॅथलचे हात थरथरू लागले आणि तो वृद्धाश्रमात गेला. घरात मुलगी मॅक्सीन आणि जावई गॅव्हिन राहायला आले. मी सोफ्याला शोभत नाही, असा निकाल गॅव्हिनने पहिल्याच दिवशी दिला. त्याने माशांसाठी काचेचा एक सहाकोनी मनोरा आणला, छातीइतका उंच आणि तोंडाशी जेवणाच्या ताटाएवढा. दुकानात त्याने रंग विचारले, किती दिवसांत पोहोचेल ते विचारलं. कोणता मासा त्यात जगेल, हे विचारायला त्याला सुचलं नाही. मर्टल आणि डॉटला त्याने त्यात सोडलं, आणि मला मागच्या काचेच्या व्हरांड्यात आदळून माझ्यात चिखलाचे बूट भरले.

तिथून मला सगळं दिसे. मर्टल आणि डॉट दिवसभर वरच्या तेवढ्याशा पाण्यात तोंड वर काढून धापा टाकत. गॅव्हिन पाहुण्यांना सांगे, बघा, कशा पापे देतायत. पाहुणे हसत. अशा माणसांना डोळे कशासाठी दिलेले असतात, कोण जाणे.

तिसऱ्या आठवड्यात डॉट उलटी तरंगली. मॅक्सीनने तिला वर्तमानपत्रात गुंडाळून लिंबाच्या झाडाखाली पुरलं. अ‍ॅथलला कळवायचं नाही, असं दोघांनी ठरवलं.

पण रविवारी अ‍ॅथल जेवायला आला. टेबलावरचं भाजलेलं मटण बाजूला राहिलं आणि तो थेट मनोऱ्यापुढे उभा राहिला.

"डॉट कुठे आहे?"

"वय झालं होतं हो तिचं, अ‍ॅथल," गॅव्हिन म्हणाला.

"वय माझं झालंय. ती गुदमरली." अ‍ॅथलने काचेवर बोट टेकवलं. "मासा म्हणजे बरणीत मुरत घातलेला कांदा नव्हे, बाळा."

गॅव्हिन खोलीच्या शोभेबद्दल काहीतरी बोलू लागला. मॅक्सीनने त्याला बोलू दिलं नाही.

"डॅड, चूक माझी आहे. मला दिसत होतं आणि मी गप्प बसले. जुनी टाकी आहे अजून, पण तिचा सांधा सुटलाय."

"मग जोड की. तुला हात आहेत."

त्याच दुपारी मर्टलला कपडे धुण्याच्या रुंद टबात सोडलं आणि हवेचा पंप लावला. अ‍ॅथल खुर्चीत बसून सांगत गेला, मॅक्सीन पात्याने जुनं सिलिकॉन खरवडत गेली. तिचं बोट कापलं, तरी ती उठली नाही. नवा सांधा आठवडाभर वाळू द्यायचा होता. तोवर रोज सकाळी तिने टबातलं थोडं पाणी बदललं. शर्ट कुठे धुवायचे, अशी गॅव्हिनची कुरकुर चालू होती. मर्टल जगेल की नाही, याची त्याला पर्वा नव्हती.

आठव्या दिवशी मला भरलं. एक थेंबही गळला नाही. पण मर्टल दिवसभर कोपऱ्यात तळाशी निपचित पडून राहिली आणि मॅक्सीन माझ्यासमोर जमिनीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मर्टल हलली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत गेली आणि सावकाश वळली.

मॅक्सीनने वृद्धाश्रमात फोन लावला.

"वळली, डॅड," एवढंच ती म्हणाली. मग फोन ठेवला आणि उद्या घालायचं पाणी बादलीत भरून ठेवलं.

मनोऱ्यात आता प्लॅस्टिकची फुलं आहेत. गॅव्हिनला त्याच्या तोलामोलाचे सोबती मिळाले.

मित्रांनो, टाकी घ्यायला गेलात तर आधी त्यात कोण राहणार ते ठरवा. त्याला किती थंडी, किती ऊब, किती जागा लागते ते विचारा, आणि मगच काचेला हात लावा. खोलीला नुसती शोभाच हवी असेल, तर भिंतीवर चित्र टांगा. चित्राला श्वास लागत नाही.