बाहेरचा कोनाडा

हरभऱ्याच्या दाण्याएवढा तो दिवा अपेक्षाच्या तळहातावर पेटला, विझला, पुन्हा पेटला... उजेड पिवळा, बुद्धवंदनेला लावतात त्या मेणबत्तीच्या जवळ जाणारा, तसाच हवा होता तिला. पांढऱ्या उजेडाचे दिवे तिने दुकानदाराला दोनदा परत केले होते आणि तो म्हणाला होता, मॅडम, एवढ्याशा कोनाड्यासाठी किती जीव काढता. काढते. काढायलाच हवा. आज हा दिवा बोरी अरबच्या घराच्या कोनाड्यात बसणार होता आणि आज बाबा ते घर बघायला येणार होते – म्हणजे येतो म्हणाले होते, आणि त्यांच्या येतो म्हणण्यावर विसंबून राहण्याइतकी ती काही भोळी नव्हती.

पण उकंडा – तिचे बाबा – सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसले होते. यवतमाळच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून आयुष्य घालवलेला माणूस, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बाहेर निघताना नखं तपासून बघायचा. ती पिशवी भरत राहिली. टेप, पेचकस, काळी चिकटपट्टी... आणि मनात एकच गोष्ट, लहान मुलीसारखी, की आज बाबांनी म्हणावं. चांगलं केलं म्हणावं, बस. गिऱ्हाइकं म्हणतात, लोक फोटो बघून म्हणतात, बाबांनी आजवर एकदाही म्हटलेलं नाही.

त्यांचं स्वतःचं घर टाइल्सचं. आत टाइल्स, बाहेर टाइल्स, गच्चीच्या कठड्यापर्यंत निळ्या-पांढऱ्या, धुतल्या की चकचकीत. इंटिरियरच्या कोर्सला गेल्यावर तिला या घराची लाज वाटायला लागली होती, खोटं कशाला बोला. एसटी स्टँडच्या मुतारीसारखं दिसतं आपलं घर, असं तिने एकदा तोंडावर म्हणून टाकलं होतं आणि बाबा हसले होते. मग कोर्सच्या शेवटच्या वर्षी तिनेच मोठ्या हौसेने याच घराचा नवा नकाशा काढला – पुढे ओसरी, सागवानी खांब, दाराशेजारी बाहेरच्या भिंतीत एक छोटा कोनाडा. बाबांनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला होता.

"बाहेर ठेवाचं काही नसते आपल्या घरात," ते म्हणाले होते. "जे हाय ते अंदर. भित सपाट पाह्यजे मले."

बाबांना सौंदर्याची नजर नाही, असा निकाल तिने तेव्हाच देऊन टाकला होता.

स्कूटी दारव्हा रस्त्याला लागली तसा दोन्ही बाजूंनी फुटलेला कापूस दिसायला लागला, मध्ये तुरीचे पट्टे. मागे बाबांचा हात तिच्या खांद्यावर – हलका, जणू आधार घ्यायचाही संकोच. आरशात त्यांचा चेहरा येत नव्हता, नुसता कान येत होता. बोरी अरबचं काम मिळालं तेव्हा ती नाचत घरी आली होती. सदाशिवरावांचं जुनं घर पाडून त्यांचा मुलगा अंकुर आणि सून दीपा नवीन बांधत होते, बाहेरून गावचं, आतून शहराचं, मॉड्युलर किचन आणि एसी, आणि पुढे झोपाळ्याची ओसरी. सदाशिवरावांनीच सुचवलं होतं की उकंडाच्या पोरीला बोलवा. कारण तिचे आजोबा त्या घरी सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी, बाबांचं लहानपण त्याच घराच्या गोठ्यात गेलेलं. याहून मोठी गोष्ट काय असते? ज्यांच्या घरी आजोबा राबले त्यांचं घर नातीने उभं करायचं. बाबा ऐकून "बरं" म्हणाले होते. नुसतं बरं. मग वर्षभर बघायला न येण्याची कारणं, कधी गुडघा, कधी कोणाचं लग्न, कधी शिबिर.

आणि तो कोनाडा... जुनं घर पाडण्याआधी ती मापं घ्यायला गेली होती, तेव्हा तिला तो सापडला होता. ओसरीच्या बाहेरच्या अंगाला, पायऱ्यांशेजारी, अंगणात उभं राहिलेल्या माणसाच्या कमरेपाशी. देवाचा नाही, दिव्याचा नाही, काजळी नव्हती कुठे. तळ मात्र गुळगुळीत झालेला. हा कशासाठी हो, तिने सदाशिवरावांना विचारलं होतं. असंच, काहीबाही ठेवाचा, असं म्हणून ते चष्मा शोधायला आत गेले होते. दीपाला वाटलं किल्लीसाठी असेल. गवंडी म्हणाला, तंबाखूच्या डबीसाठी. अपेक्षाने मात्र सादरीकरणात झोकात लिहून टाकलं – पाहुण्याच्या स्वागताचा दिवा. नव्या घरात तो तिने त्याच जागी, त्याच उंचीवर पुन्हा केला, कडेला पितळी पट्टी लावली, आणि जुना जरा अरुंद दिसत होता म्हणून दोन बोटं रुंद केला. दीपाने त्याचा व्हिडिओ टाकला आणि लोक वेडे झाले. आर्णीच्या एका डॉक्टरीणबाईंना आता तस्साच हवा होता.

"या काका, या," दीपा दारातच उभी होती. बाबांनी चपला पायऱ्यांच्या खाली काढल्या. वर काढा ना, असं दीपा म्हणाली, पण तोवर ते अनवाणी वर चढले होते. सदाशिवराव वेताच्या खुर्चीतून अर्धवट उठले.

"ये उकंडा. किती दिसानं."

"हो ना भाऊ."

बाबा झोपाळ्याच्या कडेला बसले, पाय जमिनीला घट्ट टेकवून, झोपाळा हलू नये म्हणून. पण बसले. अपेक्षाला एकदम हायसं वाटलं... सगळं घर त्यांना दाखवायचं होतं, पण आधी हा दिवा. अंगणात उकिडवी बसून ती कोनाड्याच्या छताला तो बसवत होती आणि वरून दोघा म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकू येत होतं. कोण गेलं, कोणाचे गुडघे बदलले, डुकरांनी कोणाचं वावर लोळवलं. साधं बोलणं. मी उगाच घाबरत होते, तिला वाटलं. दीपाने सगळ्यांना एकाच संचातले मातीच्या रंगाच्या मोठ्या कपांतून चहा दिला. वायर जुळली. दिवा लागला आणि कोनाडा आतून सोन्यासारखा झाला. दिवा अंधार पडला की आपोआप लागणारा होता. आता तिने नुसता हाताने झाकून तपासला आणि झोपाळा करकरला म्हणून वर पाहिलं.

बाबा रिकामा कप घेऊन पायऱ्या उतरत होते.

"मंग बोरले पाणी किती लागलं, भाऊ?" मान मागे वळवून ते सदाशिवरावांना विचारत होते. विचारता विचारताच अंगणातल्या नळाशी गेले, कप विसळला, झटकला. काका राहू द्या, मी नेते ना, असं म्हणत दीपा उठली. पण बाबा अपेक्षाच्या शेजारी आले, वाकले – बघितलंसुद्धा नाही त्यांनी, तोंड अजून ओसरीकडेच होतं – आणि हात बरोबर कोनाड्यात गेला. कप पालथा. कान भिंतीकडे.

"औंदा तं पानी..." सदाशिवराव म्हणत होते, आणि थांबले.

बाबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग अपेक्षाकडे.

कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. चहा वरून ओतायचा. कप आपणच धुवायचा, आपणच पालथा घालायचा, आणि तो घरात जायचा नाही, कधीच नाही, उद्या सकाळपर्यंत भिंतीतच राहायचा. आजोबांचा कप. बाबांचा कप. त्याने गुळगुळीत झालेला तळ, ज्याचा तिने जवळून फोटो काढला होता, ज्यावरून बोट फिरवून ती म्हणाली होती, किती सुंदर.

"काका किती शिस्तीचे आहेत," दीपा हसून म्हणाली. तिला खरंच काही माहीत नव्हतं.

सदाशिवराव आपल्या कपात बघत होते. "दीपा," ते म्हणाले, "कप आत ने."

घर बघायचं राहून गेलं असं नाही. बाबांनी सगळं पाहिलं, ओट्यावर हात फिरवला, नळ उघडून बंद केला, बरं हाय म्हणाले. तीच काही दाखवू शकली नाही. आपल्याच तोंडून निघणारे शब्द – परंपरा, ओसरी, आपुलकी – तिला ऐकवेनात.

परतीच्या रस्त्यावर ऊन उतरलं होतं. बोरी अरब मागे पडलं. मग वाऱ्यात, मान न वळवता –

"मले सांगाचं होतं ना बाबा."

"काय सांगू? तू हौसेनं करून राह्यली होती."

एक ट्रक गेला. कापसाची बोंडं रस्त्याच्या कडेला अडकून थरथरत होती. आमच्या घराला बाहेरून कोनाडा नाही, खाच नाही, फट नाही, पाणी मारलं की सगळं धुऊन जातं – आणि मी काय म्हणाले होते त्या भिंतींना... ती रडली असती तर बाबांना कळलं असतं, म्हणून रडली नाही.

"चांगला केला तू कोनाडा," बाबा मागून म्हणाले.

तिने ब्रेक दाबता दाबता सोडला.

"खरंच सांगतो. जुना लय अरुंद होता. कप घालाले गेलं का कान घासे. तसाच तुटला तो एक दिवस, त मार खाल्ला होता म्या. ह्याच्यात कसा बराबर बसला."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. एका कारागिराने दुसऱ्याच्या मापाला दाद द्यावी तसं ते बोलले होते, मनापासून. आरशात पुन्हा नुसता कान. हेच ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती, आणि आता ते कुठे ठेवावं हे तिला कळेना.

पिशवीत फोन थरथरला. आर्णीच्या बाई असणार. उद्या गवंडी नेऊन तो कोनाडा बुजवून टाकायचा का? बुजवला तर सदाशिवरावांची भिंत सपाट होईल, आमच्या घराच्या भिंतीसारखी, आणि त्या भिंतीला कधी काही विचारता येणार नाही. ठेवला तर... समोर अंधार पडायला लागला होता. म्हणजे तिकडे तो दिवा आता लागला असेल, आपोआप, कोणी हात न लावता, आणि दीपा शेजारणीला बोलावून दाखवत असेल.

"हळू चालव पोरी," बाबा म्हणाले. खांद्यावरचा हात पहिल्यांदाच घट्ट झाला होता. तिने वेग कमी केला, पण फोन थरथरतच राहिला आणि तिने तो उचलला नाही.