सोमवारची दहा मिनिटं

दवाखान्यात कुमार शेवटचं बोलला, "आण्णा, विमान बंद पडू देऊ नका." पोराचं ते दोन माणसं बसतील एवढं विमान धाराशिवच्या धावपट्टीजवळ शेडात उभं होतं. मला उडवता येत न्हाय, पण तीस वर्षं ट्रॅक्टर राखलाय. तसंच दर सोमवारी जाऊन दहा मिनिटं इंजिन चालवायचो.

वर्षानं मेकॅनिकनं इंजिन खोललं. आत नुसता गंज.

"काका, न उडवता चालवलं की इंजिन पुरतं तापत न्हाय, इंधन जळताना होणारं पाणी आतच राहतं. चालवून चालवूनच गंजलं हे."

"आधी सांगायला काय झालं होतं तुला?" मी ओरडलो. तो बिचारा पहिल्यांदाच आला होता.

घरी कुमारच्या आईनं विचारलं, "चालू हाय न्हवं विमान?"

"व्हय."

सोमवारी पुन्हा गेलो. खोललेल्या इंजिनामागं दहा मिनिटं बसून आलो.